बेबीताईंना ऐकू आलेलं स्पॅनिश

बेबीताईंना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं, सोनाळ्यात कोणी छुपी विदुषी राहते. त्यांचं शिक्षण सातवी. नागपूर एकदाच पाहिलं, तेही अंगणवाडी सेविकांच्या मोर्च्यात, आणि तिथल्या उन्हाला अजून नावं ठेवतात. पण माझी पोरगी रेवा स्पॅनिश शिकते आहे की नुसता वेळ घालवते आहे, हे तिला शिकवणाऱ्या पुण्याच्या मॅडमना कळलं नाही, मला कळलं नाही, आणि भिंतीपलीकडे शेंगा सोलत बसलेल्या या बाईला कळलं. मला त्याचा तेव्हा फार राग आला होता. थोडा अजूनही आहे.

सदुसष्ट वर्षांच्या बाईला बेबी म्हणायचं म्हटलं की बाहेरच्यांना हसू येतं. आमच्या वऱ्हाडात मात्र गल्लीत एक तरी बेबी असतेच, आणि पणजी झाली तरी ती बेबीच राहते. बुटक्या, अंगानं भरलेल्या, पण चाल अशी घाईची की गाय सुटली की काय असं वाटावं. पस्तीस वर्षं चाळीस-चाळीस लेकरांच्या गलक्यावर आवाज चढवून बोलल्या, त्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नाही. कानात सांगितलेली गोष्ट स्टँडपर्यंत जाते. गावातला चाळिशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांच्या अंगणवाडीतली खिचडी खाऊन मोठा झालेला, म्हणून त्या कोणालाच मोठा मानत नाहीत. कृषी केंद्राचा मालक नव्या गाडीतून उतरला की भर रस्त्यात विचारतात, आता तरी नाक पुसून राह्यला का रे? आणि तो हसत हसत खरंच नाकाला हात लावतो.

त्यांच्या पदराला फुटाण्यांची गाठ असायची. दिसेल त्या लेकराला द्यायच्या, पण कोणी कविता म्हणून दाखवली, पाढा म्हणून दाखवला, तर मुळीच नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "शिकल्याबद्दल खाऊ देल्ला, तं लेकरू खाऊच शिकते." बीएडला दोन वर्षं घालवली मी, असं वाक्य तिथे कोणी सांगितलं नव्हतं.

आता आमच्या घरात स्पॅनिश कसं शिरलं ते सांगते. रेवाचे बाबा पवनचक्क्या उभारायच्या कामात आहेत. कंपनीनं त्यांना तीन वर्षांसाठी स्पेनला पाठवलं, आणि पहिलं वर्ष झाल्यावर बायको-मुलीला नेता येईल असं सांगितलं. ऐकायला झकास. पण आमची जीभ एकदा पोळलेली होती. रेवा पाच वर्षांची असताना आम्ही तिघं कच्छमध्ये होतो. घरात तोंडाला कुलूप नसलेली ही पोर तिथल्या शाळेत अख्खं वर्ष एक शब्द बोलली नाही. बाई काही विचारायच्या, ही खाली पाहायची. डबा तसाच परत आणायची, कारण झाकण घट्ट होतं आणि उघडून मागायला तोंड उघडावं लागलं असतं. वर्ष कसंबसं सरलं आणि आम्ही दोघी सोनाळ्याला आलो. सासू-सासऱ्यांच्या मागे बंद पडलेलं घर उघडलं, मी जळगाव जामोदच्या एका शाळेत गणिताची नोकरी धरली, आणि इथे आठ दिवसांत पोरगी पूर्वीसारखी बोलायला लागली. म्हणून स्पेनचं आम्ही असं ठरवलं: आमच्या जाण्याचे कागद संक्रांतीला भरायचे. तोवर रेवाचं तोंड त्या भाषेत उघडलं, तर जायचं. नाही उघडलं, तर पुन्हा एक मुकं वर्ष तिच्या नशिबी घालायचं नाही. बाबांनी तीन वर्षं एकट्यानं काढायची, आम्ही इथेच.

श्रावणात शिकवणी सुरू झाली. आठवड्यातून तीन संध्याकाळी, फोनवर, पुण्याच्या एक मॅडम. बाई गोड होत्या, तळमळीनं शिकवायच्या. पण दर शनिवारी त्यांचा अहवाल यायचा. सहभाग कमी, बोलणे नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मी पडले गणिताची. मला उत्तराखाली दोन रेघा लागतात. मग मी रविवारी सकाळी पोरीला पाटावर समोर बसवायची आणि वीस शब्द विचारायची. ती दोन सांगायची आणि तिसऱ्याला तिला तहान लागायची.

अशाच एका रविवारी भिंतीपलीकडून आवाज आला. "अर्चना, पोरीले शिकवून राह्यली का ठाण्यात आणलं व तिले?"

आणि पाठोपाठ बेबीताई आमच्या अंगणात. मला बाजूला घेऊन त्यांनी त्यांच्या आयुष्याचं सार सांगितलं. "लेकरू शिकलं का नाही हे पाहाचं असन, तं त्याच्याकडं पाहू नोको."

हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं, कामाची रीतच होती. अंगणवाडीत नवीन लेकरू आलं की त्या मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. तांदूळ निवडायचे, भाजी चिरायची आणि कान मागे ठेवायचे. यावरून एकदा सुपरवायझर बाईंशी मोठं वाजलं होतं. त्या तपासणीला आल्या, फॉर्म काढला आणि तीन वर्षांच्या गजूला लाल चेंडू दाखवून रंग विचारला. गजू गप्प. पिवळा दाखवला, गजू गप्प. बाईंनी फॉर्मवर लिहायला पेन टेकवलं की मूल मागे आहे. बेबीताईंनी त्यांना हाताला धरून दाराबाहेर नेलं, चहा दिला आणि म्हणाल्या, पाच मिनिटं आत पाहायचं नाही. आत ताटं वाटायला सांगितली. दोन मिनिटांत गजूचा गळा फाटला, लाल ताट माह्यं हाय, तू पिवळं घे. सुपरवायझर बाईंचा चहा तसाच राहिला. बेबीताई म्हणाल्या, "आता लिहा. आन् ताट वाटल्यावर आलं, हे बी लिहा." फॉर्मवर तसा रकाना नव्हता, त्यावरून मग आणखी अर्धा तास वाद झाला. गजू आता ट्रॅक्टर चालवतो आणि बोलायला लागला की थांबत नाही.

दुसरी गोष्ट गावातल्या एका बड्या शेतकऱ्याची, सगळे त्यांना आबाजी म्हणतात. त्यांच्या घरच्या बारशाला भरल्या बैठकीत त्यांनी चार वर्षांच्या नातवाला उभं केलं आणि इंग्रजी कविता म्हणायला लावली. पोराचे ओठ थरथरायला लागले. बेबीताई घुगऱ्या वाटत होत्या. भांडं खाली ठेवून म्हणाल्या, आबाजी, आधी तुम्ही उभे राहा आणि एकट्यानं आरती म्हणा, पूर्ण. आबाजी उभे राहिले, माणूस हौशी. घरात रोज म्हणतात ती आरती, पण पन्नास माणसं पाहत असताना तिसऱ्या ओळीला गाडी थांबली ती थांबलीच. आधी बायका हसल्या, त्यांत मीही, मग आबाजी स्वतः हसले आणि नातवाला मांडीवर घेऊन बसले. त्या घरात लेकराला उभं करून काही म्हणायला लावत नाहीत, ते तेव्हापासून.

तर या बाई आता शिकवणीच्या वेळी आमच्याकडे येऊन बसायला लागल्या. हातात कधी अंबाडीची भाजी, कधी भुईमुगाच्या शेंगा. रेवा ओसरीवर फोनसमोर, या अंगणात तिच्याकडे पाठ करून. भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण तास संपला की मला स्वयंपाकघरात येऊन बातमी द्यायच्या.

पहिली बातमी, मॅडम शेवटी जे गाणं म्हणतात ते रेवा वेणी घालताना गुणगुणते, शब्द नाहीत, चाल बरोबर. मी म्हटलं, गुणगुणण्याचे मार्क नसतात. त्या म्हणाल्या, चालीशिवाय कोणतं लेकरू बोललं ते एक दाखव. दुसरी बातमी महिन्याभरानं. मॅडम बाहुल्या हातात घालून गोष्ट सांगायच्या, मग मराठीत अर्थ सांगायच्या, आणि अर्थ ऐकून रेवा हसायची. "आज ती अर्थाच्या आधी हासली," बेबीताई म्हणाल्या. मी हातातली पोळी तशीच ठेवून ओसरीवर गेले. रेवा चपला शोधत होती. मला काही वेगळं दिसलं नाही, आणि शनिवारच्या अहवालात तेच, बोलणे नाही.

मग दोरीच्या उड्या आल्या. अंगणात रेवा उड्या मोजत होती, उनो, दोस, त्रेस करत सातापर्यंत, आणि पुढे आठ, नऊ, दहा. मी लगेच चुकलं म्हणून सांगायला निघाले, तर बेबीताईंनी माझा पदर धरला. "सातापर्यंत तिचं झालं. आठ अजून मॅडमचं हाय. येईन तेबी."

सगळ्यात मोठी बातमी शेळीची. बेबीताईंच्या अंगणात एक पांढरी शेळी होती, हट्टी आणि खादाड. रेवा शाळेतून आली की तिला पाला घालायची, आणि पाला घालताना तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलायची. ये म्हणायची, थांब म्हणायची, रागवायची. मला विश्वास बसेना. मी विचारलं, माणसं सोडून शेळीशी कशाला? बेबीताई म्हणाल्या, शेळी चुका काढत नाही म्हणून. तो टोला कोणाला होता ते कळायला गणित लागत नव्हतं.

इथे शहाणपणा करून गप्प राहायचं सोडून मी काय केलं, ऐका. दिवाळीला जावेकडची सगळी मंडळी आली. घरात बारा माणसं, फराळाची ताटं, आणि समोर व्हिडिओवर रेवाचे बाबा. माझ्या पोटात शेळीची बातमी मावत नव्हती. मी रेवाला पुढे ओढलं आणि म्हटलं, बाबांना बोलून दाखव. जाऊ म्हणाली, हो, दाखव ना गं. दीर म्हणाले, आम्हालाही ऐकू दे. बाबा तिकडे कौतुकानं कान टवकारून बसले. रेवानं खाली पाहिलं. कच्छच्या शाळेत पाहायची, अगदी तसं. मी तिला कोपरानं ढोसलं, हे लिहितानाही लाज वाटते, पण ढोसलं. ती आत निघून गेली.

त्यानंतर पंधरा दिवस स्पॅनिश बंद. शिकवणीला फोनसमोर बसायची, पण मान खाली. दोरी खुंटीला. शेळीला पाला न बोलता. मॅडमचा निरोप आला, थोडे दिवस थांबू या का? मी तो निरोप घेऊन बेबीताईंकडे गेले आणि काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, समजूत काढतील. त्यांनी सोलत असलेली शेंग ताटात टाकली.

"उगवलं का नाही हे पाहाले बी उकरून पाहते का कोणी? आबाजीले हासली होती न तू? मंग?"

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं, पाणी दिलं, पण आपला शब्द काही मागे घेतला नाही. कागद भरायला दोन महिने उरले होते आणि ते माझ्याच हातानं गेले, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बेबीताई आमच्या ओसरीवर पोथी ऐकायला बसावं तशा मांडी घालून बसल्या आणि रेवाला म्हणाल्या, मला शिकव. माझ्या शेळीला तुझीच बोली समजते आता, माझं ऐकत नाही. रेवानं मान हलवली, नाही. पुढच्या दिवशी त्या परत आल्या. नाही. तिसऱ्या दिवशी रेवा फुरंगटून म्हणाली, तुम्हाला नाही येणार बेबीआजी. "नाही आलं तं नाही आलं," त्या म्हणाल्या, "माहं काय जाते?"

विद्यार्थिनी म्हणून बाई भयंकर होत्या. चार दिवस एकाच शब्दाला. पण जे काय अर्धंमुर्धं आलं ते घेऊन त्या गावभर फिरल्या. भाजीवालीला स्पॅनिशमध्ये धन्यवाद. कृषी केंद्राच्या मालकाला स्पॅनिशमध्ये थांब. दळण घेऊन येताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात उजळणी. लोक पोट धरून हसायचे, त्याही हसायच्या, आणि पुढच्या चौकात परत तेच. रेवा त्यांचं बोट धरून सगळीकडे सोबत. सुरुवातीला ती लाजेनं अर्धी व्हायची. मग चूक दुरुस्त करायला लागली. मग रागवायला लागली. आणि एक दिवस मी बसमधून उतरून येते, तर ओसरीवर पोरगी छडीसारखी पट्टी धरून उभी, आणि बेबीताईंवर स्पॅनिशमध्ये ओरडते आहे. मी दारातून मागे वळले आणि उगाच एक चक्कर मारून आले. एवढं मी शिकले होते.

संक्रांतीला आठ दिवस होते. शिकवणी ऐन रंगात असताना लाईट गेली आणि लाईटबरोबर नेट. मी नुकतीच शाळेतून येत होते. पाहते तर रेवा फोन घेऊन बेबीताईंच्या जिन्यावरून धावत गच्चीकडे निघालेली, कारण मोबाईलची रेंज तिथेच येते. मॅडमचा फोन लागलेला होता आणि पोरगी धापा टाकत सांगत होती, "प्रोफे, लुथ गेली. एस्पेरा, एस्पेरा, मी वर येते." प्रोफे म्हणजे बाई, लुथ म्हणजे लाईट आणि एस्पेरा म्हणजे थांबा, हे मला नंतर कळलं. खाली अंगणात बेबीताई तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले काढत बसल्या होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "आलं."

शनिवारी अहवाल आला, मराठी मिसळून बोलते, सुधारणा हवी. मी तो घेऊन बेबीताईंकडे गेले. बेबीताईंनी तो मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "बोलते असं लिवलं हाय न? मिसळून का होईना, गरज पडली तवा बोलली. कोनी बोल म्हनलं नव्हतं तिले." मी मॅडमना फोन केला आणि गाणं, हसणं, दोरी, शेळी, गच्ची, सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, मी फक्त माझ्या प्रश्नांची उत्तरं मोजत होते हो. बाई खरंच गोड होत्या. संक्रांतीला तिळगूळ वाटायच्या आधी मी कागद भरून पाठवले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत निघालो. शेगावला गाडी धरायची होती, म्हणून सकाळची बस. स्टँडवर निम्मी गल्ली आली होती. रेवा दोन मैत्रिणींना स्पेनमध्ये शेळ्या असतात का याबद्दल छातीठोक माहिती देत होती. बेबीताईंनी मला रसवंतीच्या सावलीत घेतलं.

"पोरीचं झालं. तुहं काय?" त्या म्हणाल्या.

मला कळेना. माझं काय असणार?

"वर्षभर ती बोलते का म्हनून तू जीव काढला. तुह्या तोंडून एक शब्द नाही ऐकला मी."

मी म्हटलं, शाळा, बसचे धक्के, स्वयंपाक, मला वेळ कुठे होता? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कच्छात तू किती बोलत होती व?"

 हे मी रेवाच्या बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं. कच्छमध्ये मी कोणाशीच बोलत नव्हते. दुकानात बोट दाखवून वस्तू घ्यायची. शेजारणी दारात आल्या की हसून कडी लावायची. एमएस्सी झालेली बाई मी, माझं तोडकंमोडकं गुजराती ऐकून कोणी हसलं असतं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आणि त्या वर्षभर, दुकानात, दारात, रस्त्यावर, रेवा माझं बोट धरून उभी होती. सगळं पाहत होती.

"भेव वाटते न?" बेबीताई म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

"मंग त्या पोरीपासून लपवू नोको. लेकरू मायचं तोंड पाहून तोंड उघडते."

बस आली, सामान चढलं, गर्दीत नीट पाया पडायचंही राहून गेलं. खिडकीतून पाहिलं, तर आम्हाला हात करायचं सोडून बेबीताई कोणाच्या तरी कडेवरच्या, जेमतेम वर्षाच्या लेकरापाशी गेल्या होत्या. ते लेकरू बसकडे बोट करून काहीतरी म्हणत होतं, आणि या डोळे बारीक करून, डोकं वाकडं करून ते ऐकत होत्या. आम्ही निघालो हे त्या विसरूनच गेल्या असाव्यात. मला राग आला, आणि हसूही आलं.

गाव मागे पडलं. मी रेवाला म्हटलं, सकाळी माणसं भेटली की तिथे काय म्हणतात ते मला शिकव. तिनं आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं, मी परीक्षा तर घेत नाही ना. मग म्हणाली, "ब्वेनोस दियास."

मी म्हटलं. चुकलं. तिनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्यानं, आणि आधीपेक्षा जास्त चुकलं. पुढच्या सीटवरचा फेटेवाला माणूस वळून माझ्याकडे पाहायला लागला, त्याच्या शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. माझे कान तापले. रेवा माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी त्या दोघांकडे बघून परत म्हटलं.